झाकले जाण्याआधी पाहून घ्या: भरलेल्या वस्तीत नवे घर बांधताना

घर पूर्ण झाल्यावर डोळ्यांना जे दिसते, त्यावर घराचे आयुष्य फारसे ठरत नाही. पाया मातीखाली जातो, लोखंड काँक्रीटमध्ये जाते, नळ गिलाव्याआड जातात आणि न्हाणीघराचा जलरोधक थर लादीखाली जातो. पुढे बिघाड होतो तो बहुतेक वेळा अशाच झाकलेल्या जागी, आणि तो दुरुस्त करायचा तर वरचे सगळे फोडावे लागते. लहान गावातील जुन्या वस्तीत, दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेवर घर बांधायला निघालेल्या मालकाने म्हणूनच एक शिस्त पाळावी: कामाचा प्रत्येक टप्पा झाकला जाण्याआधी स्वतः पाहावा, मोजावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि मगच पुढच्या कामाला होकार द्यावा. यासाठी मालकाला अभियंता व्हावे लागत नाही. रचना अभियंत्याने दिलेले नकाशे, मीटरपट्टी, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी आणि ठरलेल्या वेळी कामावर हजर राहण्याची तयारी एवढे पुरते.

हद्द आणि पातळी

कागदावर भूखंडाच्या बाजू सरळ असतात. जुन्या वस्तीतल्या जमिनीवर त्या तशाच सापडतील असे नाही. शेजारची भिंत एका टोकाला वीतभर आत आलेली असते, कुंपण पूर्वी कोणी तरी सोयीने सरकवलेले असते, आणि जागा इतकी वर्षे रिकामी राहिल्यामुळे त्यावर कोणी बोललेलेही नसते. नकाशा काढून घेण्यापूर्वी अधिकृत मोजणी करून घ्यावी, मोजणीच्या दिवशी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना हजर राहण्याची विनंती करावी आणि हद्दीच्या खुणा काँक्रीटमध्ये पक्क्या कराव्यात. बांधकामाची परवानगी ही त्यानंतरची पायरी होय. मंजूर नकाशात चारी बाजूंना सोडायला लावलेले अंतर प्रत्यक्ष कामात थोडेसे कमी करण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. तो आवरावा, कारण खोल्यांना उजेड आणि वारा मिळतो तो त्याच पट्ट्यातून, आणि दहा वर्षांनी बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती करायची वेळ आली की शिडी लावायलाही तोच पट्टा लागतो.

आखणीच्या दिवशी काटकोन तपासण्याची जुनी रीत आजही पुरेशी आहे. कोपऱ्यापासून एका सुतावर ३ मीटर आणि दुसऱ्या सुतावर ४ मीटर मोजून खुणा केल्या आणि त्या दोन खुणांमधील अंतर नेमके ५ मीटर भरले, तर कोपरा काटकोनात आहे. संपूर्ण आयतासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले नाहीत तर फक्की पुसून आखणी पुन्हा करावी. कोपऱ्यांवरच्या खुंट्या खोदकामात उखडल्या जातात, त्यामुळे प्रत्येक रेषा खड्ड्याच्या बाहेर दीड-दोन मीटरपर्यंत वाढवून तिथे दुसरी पक्की खुंटी ठोकून ठेवणे आवश्यक असते. ही गोष्ट विसरली गेली की कॉलमची जागा पुढे अंदाजाने ठरते.

जोत्याच्या उंचीचा निर्णय घाईने होतो आणि त्याचा त्रास सर्वांत जास्त काळ टिकतो. रस्त्याचे दर काही वर्षांनी नव्याने डांबरीकरण किंवा काँक्रीटीकरण होते आणि बहुतेक ठिकाणी जुना थर न खरवडता त्यावर नवा टाकला जातो. वस्तीतली सर्वांत जुनी घरे पाहिली तर हे लगेच ध्यानात येते: त्यांचे उंबरे आता रस्त्याच्या खाली गेलेले असतात आणि पावसाचे पाणी दारातून आत येऊ नये म्हणून तिथे विटांचा बांध घातलेला असतो. आपले जोते रस्त्याच्या सर्वांत उंच भागापेक्षा किमान ४५ ते ६० सेंटिमीटर वर असावे, आणि जिथे पाणी साचते तिथे शेजारच्या भिंतींवरची ओलीची जुनी रेषा पाहून त्याहूनही वर घ्यावे.

जोत्याच्या उंचीला आणखी एक बंधन असते आणि ते सांडपाण्याच्या वाहिनीचे असते. संडासाची १०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी साधारणपणे ४० ला १ या उताराने टाकतात. संडास मागच्या बाजूला असेल आणि गल्लीतले चेंबर तिथून १२ मीटरवर असेल, तर तेवढ्या लांबीत वाहिनी ३० सेंटिमीटर खाली उतरली पाहिजे. चेंबरचे झाकण उघडून त्याच्या तळाची खोली आधी मोजली नाही, तर घर बांधून झाल्यावर मैला चढाने वाहून न्यायचा प्रसंग येतो, आणि त्यावर स्वस्त इलाज नाही.

पातळी नेण्यासाठी पाण्याची नळी वापरताना तिच्यात हवेचा बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करावी, कारण एक बुडबुडा पातळीत चांगलाच फरक पाडतो. जोत्याची पातळी ठरली की ती हलणार नाही अशा जागी रंगाने कोरून ठेवावी आणि पुढची सगळी मापे त्याच एका खुणेपासून घ्यावीत.

जमीन काय सांगते

वस्तीतली मोकळी जागा मोकळी का राहिली, हा प्रश्न आसपासच्या वयस्कर माणसांना जरूर विचारावा. अनेकदा उत्तर निघते की तिथे पूर्वी विहीर होती, खदान होती किंवा साऱ्या गल्लीचा कचरा तिथे पडत होता. भराव घातलेल्या जमिनीवर गवत इतर ठिकाणासारखेच उगवते, त्यामुळे वरून काहीही कळत नाही. म्हणून रचना अभियंत्याला नकाशा करायला सांगण्यापूर्वी भूखंडाच्या दोन-तीन ठिकाणी दीड ते दोन मीटर खोल चाचणी खड्डे घ्यावेत आणि ते अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवावेत. खड्ड्याच्या कडेत विटांचे तुकडे, राख, प्लास्टिक किंवा चिंध्या दिसल्या तर तो भराव आहे, आणि त्याखालच्या मूळ जमिनीपर्यंत पाया नेणे भाग आहे.

काळी चिकणमाती लागली तर अधिक सावध व्हावे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट वर्गाची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आकसतात, त्यामुळे जमिनीचा वरचा थर ऋतूप्रमाणे वर-खाली होत राहतो आणि त्यावर उथळ पायाने बसवलेल्या भिंतींना कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. ओलावा वर्षभर सारखा राहतो त्या खोलीपर्यंत पाया उतरवणे, खालचा मुरूम किंवा खडक गाठणे, किंवा अभियंत्याने सुचवल्यास तळाशी फुगीर असलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घेणे हे त्यावरचे मार्ग आहेत. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेला फरसबंद पट्टा केला आणि भिंतीलगत पाणी मुरू दिले नाही, तर त्याचाही मोठा उपयोग होतो.

शेजारचे घर

रिकाम्या माळावर घर बांधणाऱ्याला जी चिंता नसते ती भरलेल्या वस्तीत पहिल्या दिवसापासून असते: आपला खड्डा आणि शेजाऱ्याचा पाया यांच्यात फक्त काही हात माती असते. जुन्या घरांचा पाया बऱ्याचदा दगडमातीचा आणि उथळ असतो. त्या पायाच्या तळाच्या कडेपासून आपल्या बाजूला ४५ अंशांत खाली उतरणारी एक रेषा मनात धरावी. आपला खड्डा या रेषेच्या खाली जाऊ लागला की शेजारच्या भिंतीचा भार ज्या मातीवर उभा आहे तीच माती आपण काढू लागतो. अशा ठिकाणी अभियंत्याला सांगून कॉलम हद्दीपासून आत घ्यावेत, किंवा हद्दीवरचे फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद तळ, आतल्या फुटिंगशी तुळईने जोडून घ्यावे. तरीही खोल जावेच लागले तर सबंध चर एकदम उघडू नये. एक-सव्वा मीटरचा एक तुकडा खोदावा, तो काँक्रीटने किंवा दगडाने भरून पक्का झाल्यावर त्यापासून दूरचा दुसरा तुकडा घ्यावा, आणि मधले तुकडे शेवटी करावेत. यंत्राने खोदाई एका सकाळी उरकते खरी, पण शेजारच्या भिंतीलगतचा शेवटचा मीटर माणसांकडून खोदून घेणेच शहाणपणाचे असते. खड्ड्यात पाणी लागले आणि पंप लावला, तर पाण्याबरोबर बारीक वाळू येत आहे का ते पाहावे. गढूळ पाणी सतत येत राहिले तर आजूबाजूची जमीन खालून पोकळ होत आहे असे समजून पंप थांबवावा आणि अभियंत्याला बोलवावे.

खोदाईला हात घालण्यापूर्वी शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या भिंतींची आतून-बाहेरून छायाचित्रे घ्यावीत. ज्या भेगा आधीपासून आहेत त्यांच्या टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, आणि मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवावी. भेग जरा जरी सरकली तरी काच तडकते. छायाचित्रांची एक प्रत शेजाऱ्यांना द्यावी. पुष्कळ मालकांना वाटते की यामुळे नसती शंका निर्माण होईल. माझा अनुभव याच्या उलट आहे: ज्या शेजाऱ्याला आधी विचारले जाते तो पुढे खोदाईच्या आवाजाची तक्रार कमी करतो, आणि जुनी भेग नवी म्हणून दाखवण्याचा प्रश्नही उरत नाही.

खड्ड्यात उतरणाऱ्या माणसांचा विचारही येथेच करायला हवा. एक घनमीटर माती साधारण दीड ते दोन टन भरते, त्यामुळे कंबरेपर्यंत गाडला गेलेला माणूसही स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याच्या कडा तिरप्या तरी कापाव्यात किंवा फळ्या आणि आडवे टेकू लावून धराव्यात, आणि काढलेली माती कडेपासून किमान एक मीटर दूर टाकावी.

करार

कराराबद्दल थोडक्यात सांगतो. मजुरीचा ठेका द्या किंवा साहित्यासह, पण दर कोणत्या मापावर आहे, त्यात कोणती कामे धरलेली आहेत आणि कोणती नाहीत, हे लिहून घ्या. पैसे तारखेप्रमाणे न देता पूर्ण झालेल्या कामाप्रमाणे द्यावेत आणि झालेल्या कामापेक्षा दिलेली रक्कम कधीही पुढे जाऊ देऊ नये. एकूण रकमेचा काही भाग पावसाचा एक हंगाम संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच घातली तर छप्पर गळते की नाही हे पाहायला वेळ मिळतो. नकाशात नसलेले प्रत्येक वाढीव काम सुरू होण्यापूर्वी, एका ओळीत का होईना, दरासह लिहून दोघांनी सही करावी. बांधकामातली बहुतेक भांडणे याच न लिहिलेल्या ओळींवरून होतात.

लोखंड झाकले जाण्याआधी

फुटिंग, कॉलम, बीम आणि स्लॅब या प्रत्येक ठिकाणी काँक्रीट पडण्याच्या आदल्या दिवशी अभियंत्याने लोखंड तपासावे, असे त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावे. मालकाने स्वतः पाहण्यासारख्या गोष्टीही कमी नाहीत. सळईचे वजन तपासायला सोपे सूत्र आहे: व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि १६२ ने भागावे, म्हणजे एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो भरते, म्हणजे १२ मीटरच्या अखंड सळईचे वजन सुमारे १०.७ किलो यायला हवे. चार-पाच सळया काट्यावर ठेवून पाहिल्या की माल कमी जाडीचा आहे का ते कळते.

कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांकडे विशेष लक्ष द्यावे. रिंगेची दोन्ही टोके नुसती काटकोनात वाकवलेली असतील तर भूकंपाच्या हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट गळून पडल्यावर ती उघडतात आणि उभ्या सळयांना धरून ठेवणारे काही उरत नाही. म्हणून टोके १३५ अंशांत वाकवून आतल्या काँक्रीटमध्ये वळवलेली असावीत. हे काम हाताला जड जाते आणि म्हणून टाळले जाते. रिंगांमधील अंतर बीमच्या जोडाजवळ, म्हणजे कॉलमच्या वरच्या आणि खालच्या भागात, कमी ठेवायचे असते. तिथेच हात पोहोचत नाही म्हणून रिंगा गाळल्या जातात. तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवून वर भिंतींची घरे चढवायची असतील, तर हे आधीच अभियंत्याला सांगावे. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला मोकळा अशा इमारती २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादेत मोठ्या संख्येने तळमजल्यावरच बसल्या.

सळई आणि साचा यांच्यामधील अंतराला कव्हर म्हणतात. गंजापासून लोखंडाचे रक्षण हाच थर करतो. साधारणपणे फुटिंगला ५०, कॉलमला ४०, बीमला २५ आणि स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर ठेवतात. समुद्राजवळ किंवा क्षारयुक्त जमिनीत ते वाढवावे लागते. त्यासाठी काँक्रीटचे तयार ठोकळे वापरावेत. खडीचा तुकडा सरकवून भागवण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण कोणी सळईवरून चालले की तो तुकडा निसटतो, सळई साच्याला टेकते, आणि काही वर्षांनी स्लॅबच्या खालून गंजाच्या रेषा दिसू लागतात. स्लॅबची वरची जाळी काम करणाऱ्यांच्या पायाखाली दबू नये म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या सळईच्या घोड्या ठेवाव्यात. बाहेर आलेल्या सज्जाचा सगळा भार याच वरच्या सळया उचलतात, त्यामुळे त्या खाली दबल्या तर सज्जा टेकू काढताच खाली येऊ शकतो.

जोत्यातला भराव

पाया वर आला की जोत्याच्या पोकळीत माती लोटली जाते, आणि माझ्या मते घरबांधणीतले हे सर्वांत उपेक्षित काम आहे. दोन-तीन वर्षांनी खोलीच्या मधोमध लादी खचते, भिंतीलगत फट पडते, आणि दोष लादीवाल्याला दिला जातो. वास्तविक दोष खालच्या भरावाचा असतो. भरावासाठी मुरूम वापरावा. खोदाईतून निघालेली काळी माती आणि विटांचा मोठा राबिट आत जाऊ देऊ नये. मुरुमाचा १५ ते २० सेंटिमीटरचा थर पसरावा, पाणी शिंपडावे, धुम्मसाने किंवा यंत्राने ठोकावा आणि मगच दुसरा थर घालावा. सबंध भराव एकदम टाकून वरून पाणी सोडले म्हणजे तो बसतो, असे सांगितले जाते. वरचा भाग तेवढा बसतो. खालच्या पोकळ्या तशाच राहतात. वाळवीची शक्यता असेल तर तिचे औषध भरावावर कोबा पडण्याआधी मारावे लागते, आणि आत टाकायच्या वाहिन्यांचीही तपासणी याच वेळी करावी लागते.

काँक्रीट आणि पाणी

सिमेंटला घट्ट होण्यासाठी पाणी लागते, पण त्याहून जास्त पडलेले पाणी पुढे उडून जाते आणि आपल्या जागी सूक्ष्म पोकळ्या सोडते. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हा नियम अमेरिकेतील डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये प्रयोगांतून मांडला आणि तो आजही तितकाच लागू आहे. लहान कामावर हा नियम मोडतो तो कोणाच्या वाईट हेतूने नव्हे. पातळ काँक्रीट ओढायला आणि पसरायला सोपे जाते एवढेच कारण असते. ५० किलोच्या एका पोत्याला पाणी निम्म्या प्रमाणात, म्हणजे २५ लिटर, धरले तर त्यात वाळूतले पाणीही मोजावे लागते. एका पोत्याबरोबर जाणारी दीड फर्मा वाळू (फर्मा ही मोजण्याची पेटी, तिचे माप पुढे दिले आहे) साधारण ८० किलो भरते. तिच्यात ५ टक्के ओल असेल तर ४ लिटर पाणी आधीच आलेले असते, आणि वरून २१ लिटरच घालायचे असते. म्हणून मिक्सरजवळ खूण केलेली बादली ठेवावी आणि पाण्याचा पाइप तिथून दूर करावा.

फर्मा म्हणजे वाळू आणि खडी मोजण्याची पेटी. ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ उंच अशी पेटी ३५ लिटरची होते आणि एका पोत्यातल्या सिमेंटचे आकारमान साधारण तेवढेच असते. एक पोते, दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी हे प्रमाण काँक्रीटच्या एम-२० या ताकदीच्या दर्जाजवळ जाते. अभियंत्याने यापेक्षा वरचा दर्जा सांगितला असेल तर मिश्रणाचे प्रमाण त्याच्याकडूनच लेखी घ्यावे. घमेल्याने मोजलेले प्रमाण दुपारपर्यंत टिकत नाही, कारण सकाळचे घमेले काठोकाठ भरलेले असते आणि दुपारचे थकलेले.

स्लॅबच्या दिवसासाठी तयारी आदल्या दिवशीच संपलेली असावी. सेंट्रिंगचे, म्हणजे साचा पेलणाऱ्या आधाराचे, टेकू कच्च्या मातीवर न ठेवता फळीवर ठेवलेले आहेत, साच्याच्या फटी बंद आहेत, विजेच्या नळ्या आणि पंख्यांच्या पेट्या बसवलेल्या आहेत आणि न्हाणीघराचा भाग ठरल्याप्रमाणे खाली घेतलेला आहे, हे पाहावे. काँक्रीट हादरवून घट्ट बसवणारे व्हायब्रेटर दोन असावेत, कारण एक बंद पडतोच. त्याची सुई उभी आणि झटकन आत घालावी, हळूहळू बाहेर काढावी आणि तिने काँक्रीट आडवे ढकलू नये. पाणी मिसळल्यापासून साधारण अर्ध्या तासाच्या आत माल जागेवर पडावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो चालवून घेणे ही त्या दिवसातली सर्वांत मोठी चूक ठरते. मध्येच काम थांबवावे लागले तर कुठे थांबवायचे हे अभियंत्यालाच ठरवू द्यावे.

त्यानंतर पाणी मारण्याचे काम येते. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, आणि उन्हाळ्यात किंवा राख मिसळलेल्या सिमेंटला १० ते १४ दिवस पृष्ठभाग सतत ओला राहायला हवा. सकाळ-संध्याकाळ पाइपाने शिंपडून दुपारी वाळू दिलेले काँक्रीट ओले राहिले असे म्हणता येत नाही. स्लॅबवर मातीच्या आळ्या करून पाणी साठवावे आणि कॉलमला बारदान गुंडाळून ते भिजवत राहावे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधील अंतराच्या, स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस ठेवतात. थंडीत त्यात वाढ करावी. सेंट्रिंगवाल्याला त्याचे साहित्य दुसऱ्या कामावर न्यायचे असते, म्हणून हा अवधी करारातच लिहिलेला असणे बरे.

भिंती, जिना, नळ, ओल

भाजलेली वीट लावण्यापूर्वी भिजवावी, नाहीतर ती सांध्यातले पाणी शोषून घेते. हलके ब्लॉक मात्र भिजवायचे नसतात. त्यांच्या पृष्ठभागावर पाण्याचा हलका हात पुरतो. भिंत एका दिवसात दीड मीटरपेक्षा जास्त चढवू नये. जिन्याचे गणित सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुरचनाकार ब्लाँडेल यांच्या नावाने ओळखले जाते: पायरीच्या उंचीची दुप्पट आणि रुंदी यांची बेरीज साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर यावी. १६ सेंटिमीटर उंची आणि ३० रुंदी घेतली तर ती ६२ येते. मात्र साचा बांधताना लादीची जाडी धरली नाही, तर पहिली आणि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या उंचीची होते आणि घरातले सगळे तिथेच अडखळतात.

नळ भिंतीत बसवून झाले की गिलाव्यापूर्वी सर्व तोंडे बंद करून त्यांत दाबाने पाणी भरावे, दाबमापकाचा काटा काही तास स्थिर राहतो का ते पाहावे, आणि मग प्रत्येक भिंतीचे छायाचित्र मीटरपट्टी लावून घ्यावे. ही छायाचित्रे पुढे पडदे लावताना आणि खिळा ठोकतानाही उपयोगी पडतात. न्हाणीघराच्या जलरोधक थरावर आणि गच्चीवर पाणी साठवून किमान २४ तास, शक्यतो ४८ तास, खालून पाहावे. गच्चीचा उतार १०० ला १ पेक्षा कमी नसावा आणि तिचे पाणी स्वतःच्या आवारात उतरावे. शेजारच्या अंगणात पडणारी धार ही वस्तीतली सर्वांत दीर्घायुषी तक्रार असते. विजेच्या फलकात ३० मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारे बटण आणि चांगले अर्थिंग हवेच. काम चालू असतानाही मिक्सर आणि पंप त्याच संरक्षणातून चालवावेत, कारण ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला धक्का बसण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते.

गल्ली

वाळू आणि खडीचा ढीग गल्लीतच पडणार असेल तर एका वेळी दोन-तीन दिवसांपुरताच माल मागवावा, ढिगाला विटांची कड करावी आणि गटाराच्या तोंडावर जाळी लावावी. वाहून गेलेली वाळू आणि सिमेंटचे धुवण गटारात दगडासारखे बसते आणि तुंबलेले पाणी आपल्याच जोत्यापाशी येते. मिक्सर आणि दगड कापण्याचे यंत्र पहाटे आणि रात्री बंद ठेवावे. वाळूच्या ढिगावर मुले खेळायला येतात आणि त्यांना कितीही हाकलले तरी येतात, हे गृहीत धरून पाण्याच्या टाकीवर, शोषखड्ड्यावर आणि लिफ्टसारख्या उघड्या पोकळ्यांवर पहिल्या दिवसापासून पक्के झाकण असावे. नुसती दोरी बांधून चालत नाही.

घरात राहायला गेल्यानंतर पावसाचा एक हंगाम जाऊ द्यावा. मग ती जुनी छायाचित्रे घेऊन शेजाऱ्यांकडे जावे, त्यांच्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा आणि काचेच्या पट्ट्या दोघांनी मिळून पाहाव्यात, आणि एखादी पट्टी तडकलेली असेल तर ती भेग त्यांनी सांगण्याची वाट न पाहता आपल्या खर्चाने भरून द्यावी. ठेकेदाराची राखून ठेवलेली रक्कम त्यानंतर चुकती करावी.